निळं लागेल ते पाडायचं

आमच्या गल्लीची रुंदी मला विचारा. झोपेतून उठवून विचारा, तापात विचारा, मी सेंटिमीटरमध्ये सांगेन. अठरा वर्षं मी ट्रामच्या नकाशा विभागात काढली आहेत आणि या शहरात मी टेप अंथरली नाही असा रस्ता राहिलेला नाही. त्यामुळे ट्रामची लाइन आमच्या उपनगरापर्यंत वाढवायचं ठरलं, तेव्हा भर मीटिंगमध्ये मी छाती काढून सांगितलं, "साहेब, आमच्या गल्लीतून ट्राम अशी जाईल की दोन्हीकडच्या भिंतींना पत्ता लागणार नाही!" (कागदोपत्री तिला 'लाइट रेल' म्हणतात. पण एवढं लांब नाव घेईपर्यंत ती निघून जाते.)

मोठ्या साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुमची मापं तीन वर्षांपूर्वीची आहेत. पुन्हा मोजायला माणसं पाठवू का?"

"कशाला साहेब? मी तिथंच राहतो."

त्या तीन शब्दांवर मी आजही ऑफिसात ओळखला जातो.

आता माझा यात स्वार्थ होता, ते कबूल करतो. माझी बायको शहराच्या दुसऱ्या टोकाला एका हॉस्पिटलात औषधं देण्याच्या खिडकीवर काम करते. जायला दोन बस, यायला दोन बस. दिवसाचे साडेतीन तास ती एका हातानं दांडा धरून उभी असते. ट्राम आली की कोपऱ्यावर बसायचं आणि सव्वीस मिनिटांत उतरायचं. मी तिला तसा शब्द दिला होता. लाइन आमच्याकडे येणार की पाण्याच्या टाकीकडून वळून पलीकडच्या उपनगरात जाणार, एवढंच काय ते ठरायचं होतं. आमच्या गल्लीत दहाच्या वर अडथळे निघाले तर लाइन टाकीकडे, असा नियम होता.

दुसरा शब्द मी सासूबाईंना दिला होता. त्या गेल्या वर्षी आमच्याकडे राहायला आल्या. पहिल्या मजल्यावरची आमची गॅलरी त्यांना फार आवडली, पण त्यांची आरामखुर्ची तिच्यात मावेना. मग मी स्वतः नकाशा काढून गॅलरी दोन फूट पुढे रस्त्यावर ओढली. परवानगीचं कृपया विचारू नका. सासूबाई सकाळी साडेसहाला त्या खुर्चीत बसत आणि दिवेलागणीला उठत. ट्राम येणार हे ऐकून त्यांनी विचारलं, "जावईबापू, माझ्या गॅलरीला काही होणार नाही ना?" मी म्हटलं, "मी असताना?"

आता हुशार वाचकाच्या लक्षात आलंच असेल. माझ्या आलं नव्हतं. गल्लीची मापं तीन वर्षांपूर्वीची, गॅलरी गेल्या वर्षीची. त्यातून मी टेप धरली होती जमिनीवर. ट्राम काही जमिनीवर आडवी पडून जात नाही, साडेतीन मीटर उंच, ताठ उभी जाते.

रूळ टाकण्याआधी आमच्याकडे एक चाचणी असते. ट्रामच्या आकाराची लोखंडी चौकट करतात, तिला चाकं लावतात आणि चार माणसं ती ढकलत सगळ्या रस्त्यानं नेतात. चौकटीच्या कडांना थर्मोकोलच्या पट्ट्या असतात आणि पट्ट्यांना गवंडी दोरीला लावतात ती निळी पूड फासलेली असते. चौकट जिथं घासेल तिथं निळा डाग पडतो. मागून कारकून वही घेऊन येतो आणि डागांना नंबर देतो. नियम एका ओळीचा आहे, निळं लागेल ते पाडायचं. त्यावर चर्चा नाही, अर्ज नाही, साहेबाची सहीसुद्धा लागत नाही.

चाचणी रविवारी सकाळी ठेवली. सगळी गल्ली दारात उभी. मी डोक्यावर हेल्मेट घालून चौकटीपुढे असा चाललो होतो, जणू ट्राम मीच जन्माला घातली. एक आजोबा चौकटीत शिरून म्हणाले, "आत बसायला काहीच नाही?" मी म्हटलं, "आजोबा, ही नुसती चौकट आहे." ते म्हणाले, "सरकारी कामं अशीच निम्मी सोडतात," आणि कोपऱ्यापर्यंत आतूनच चालत आले.

निम्मी गल्ली निर्वेध पार पडली. फक्त शिंप्याच्या दुकानाच्या छपराला निळा डाग लागला. कारकुनानं लिहिलं, एक. मी त्याला ऐटीत म्हटलं, "वही कोरीच परत नेशील तू."

तेवढ्यात वरून 'खर्र' असा आवाज आला.

मी मान वर केली. चौकटीची वरची पट्टी आमच्या गॅलरीच्या कडेला घासून वाकली होती आणि गॅलरीला हातभर लांब निळा पट्टा उमटला होता. वर आरामखुर्चीत सासूबाई. त्यांनी खाली वाकून विचारलं, "जावईबापू, हे काय लागलं हो?"

"धूळ! धूळ आहे!" मी म्हटलं.

कारकून अजून वीस पावलं मागे होता. तो शिंप्याच्या छपराची लांबी लिहीत होता आणि त्याची लिहिण्याची गती सरकारी होती. मी ढकलणाऱ्यांना सांगितलं, "जरा थांबा, पाणी पिऊन येतो," आणि दोन-दोन पायऱ्या चढत घर गाठलं. गॅलरीच्या कठड्यावर पोटावर पालथा पडलो, खिशातला रुमाल काढला आणि पट्टा पुसून काढला. अठरा वर्षांच्या नोकरीत एवढ्या झपाट्यानं मी कुठलंच काम केलं नव्हतं. कारकून आला, वर बघितलं, काही दिसलं नाही, पुढे गेला.

सुटलो म्हणून खाली बघितलं तर शिंपी माझ्याकडे टक लावून उभा होता.

शिंपी तोंडानं बोलला असता तर परवडलं असतं. मी काही हातापाया पडलो असतो, त्याचंही छप्पर पुसून दिलं असतं. पण शिंपी विचारी माणूस. निळा डाग हातानं निघतो, म्हणजे तो हातानं लागतोही, एवढं त्याच्या डोक्यात आलं. तो शांतपणे थांबलेल्या चौकटीपाशी गेला, पट्टीवर पंजा फिरवला आणि शेजारच्या न्हाव्याच्या पाटीवर थोपटला. ती पाटी त्याच्या दुकानावर झाकोळ करते म्हणून सात वर्षं त्यांचं भांडण होतं.

न्हाव्यानं ते बघितलं. त्यानं जाऊन दोन्ही हात माखून घेतले.

मग काय सांगावं! पाडून टाकावं असं प्रत्येकाकडे काहीतरी असतंच, फक्त सरकार ऐकत नसतं. आणि आज सरकार स्वतः चाकांवर दारात आलं होतं आणि ज्याला बोट लावाल ते पाडून देत होतं. समोरच्या वहिनींनी शेजाऱ्यांच्या पाण्याच्या मोटारीला निळं लावलं, कारण ती पहाटे घुरघुरते. शेजाऱ्यांनी वहिनींच्या जिन्याला लावलं. निवृत्त हेडमास्तर, ज्यांनी आयुष्यभर मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलं, ते हात मागे बांधून फिरत होते आणि ते जिथं टेकत तिथं मागे निळी पाच बोटं उमटत. तळमजल्यावरच्या भाडेकरूनं मालकाच्या गाडीला लावलं. मालकानं भाडेकरूच्या दाराला लावलं.

मला आधी यातलं काहीच कळलं नाही. मी पुढे हेल्मेट घालून चाललो होतो आणि मागून फक्त कारकुनाचा आवाज ऐकू येत होता. "अकरा. बारा. बारा अ. साहेब, हा कुत्रा धरायचा का?"

मी पळत मागे आलो. वही बघितली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. सत्तेचाळीस अडथळे! वहीप्रमाणे गल्लीत पाडायचं नाही असं फक्त गटार उरलं होतं.

"खोड हे सगळं," मी कारकुनाला म्हटलं.

"नियमात खोडायचं नाही. आणि मोठे साहेब आलेच बघा."

मोठे साहेब गाडीतून उतरले. त्यांनी वही उघडली, एक पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि माझ्याकडे बघितलं. "तुम्ही इथंच राहता ना?"

"हो साहेब."

"छान. लाइन पाण्याच्या टाकीकडून जाईल." त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गर्दीत मागे बायको उभी होती. रविवारचा एक दिवस तिला उशिरा उठायला मिळतो, आणि ती माझी लाइन बघायला खाली आली होती. तिनं पेनाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला घाम फुटला, म्हणून मी रुमालानं कपाळ पुसलं. नाक, गाल, मान, सगळं नीट पुसलं.

सगळी गल्ली माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मग कुठूनतरी एक पोर हसलं.

बायको पुढे आली. माझ्या हातातून रुमाल काढून घेतला, उलगडला आणि साहेबांसमोर धरला. "साहेब, या सत्तेचाळीसातले बहुतेक डाग खोटे आहेत. खरा मोठा डाग आमच्या गॅलरीचा आहे. तो यात आहे."

"अगं, आईंची गॅलरी..." मी हळूच म्हटलं.

"तुम्ही गप्प बसा. थोबाड बघा आधी आरशात."

साहेबांनी पेन खिशात ठेवलं. मग सगळ्या गल्लीला भिंतीपासून दोन पावलं दूर, हात डोक्यावर ठेवून उभं केलं, हेडमास्तरांनासुद्धा, आणि चौकट पुन्हा पहिल्यापासून ढकलायला लावली. ते स्वतः तिच्याबरोबर चालले. शिंप्याचं छप्पर, एक विजेचा खांब आणि आमची गॅलरी. एकूण तीन.

"गॅलरी दोन फूट कापावी लागेल," साहेब म्हणाले. "आहे कबूल?"

मी मान वर केली. सासूबाई कठड्याला धरून उभ्या होत्या. त्यांना विचारायची माझी हिंमत नव्हती. दोघींना दोन शब्द देऊन मी मधल्या मध्ये शहाणा ठरायला निघालो होतो, आणि आता माझं तोंड निळं होतं.

"कापा," सासूबाई वरूनच म्हणाल्या.

"आई, अहो तुम्ही दिवसभर..."

"दिवसभर मी इथं काय बघते असं वाटतं तुम्हाला? लोकांची भांडणं? सकाळी सात वाजता ही बसमागे धावते ते बघते मी. आठवड्यातून दोनदा तरी बस हिच्या नाकासमोरून निघून जाते. मी वरून ओरडते, तो ड्रायव्हर काही थांबत नाही. कापा म्हटलं ना."

बायकोनं वर बघितलं आणि पटकन रुमालानं डोळे पुसले. त्याच रुमालानं. मग आमच्या घरातली दोन माणसं निळी झाली. मला मनापासून लाज वाटली, हे इथं सरळ लिहून टाकतो, कारण घरी बोलायची संधी मिळालेली नाही.

पावणेदोन वर्षांनी ट्राम आली. बायको रोज खिडकीशी बसून जाते आणि सव्वीस मिनिटांत उतरते. सासूबाईंची आरामखुर्ची कापलेल्या गॅलरीत मावेना, म्हणून ती आत, हॉलच्या खिडकीशी आली, म्हणजे माझ्या जागेवर. त्यामुळे पेपर वाचायला मी गॅलरीत बसतो. तिथं आता समोर तोंड करून बसता येत नाही. स्टुलावर आडवं बसायचं आणि ट्रामची घंटा ऐकली की पाय वर घ्यायचे. ट्राम इतकी जवळून जाते की उतारू माझा पेपर वाचतात. परवा एकानं खिडकीतून हात काढून पानही उलटलं.

ट्रामच्या डब्यात बायकोच्या रोजच्या ओळखीच्या चार जणी झाल्या आहेत. त्यातल्या एकीनं तिला विचारलं म्हणे, "अगं, तो फळीएवढ्या गॅलरीत पाय जवळ घेऊन बसलेला माणूस रोज आपल्याला हात करतो, तो कोण गं?"

"मग काय म्हणालीस?" मी उत्सुकतेनं विचारलं.

"म्हटलं, कुणास ठाऊक बाई. उपनगरात असले नमुने असायचेच."