तात्यांची वाडी

सखाराम तात्यांसमोर त्यांच्या वाडीला ‘वस्ती’ म्हणणाऱ्याला पाणी मिळतं, चहा मिळत नाही.

मलाही मिळाला नव्हता. युसूफ वडगाव या गावाच्या बाजूच्या त्यांच्या पंधरा-वीस घरांसाठी मी पत्रक काढलं होतं : ‘वस्तीला रस्ता द्या.’ तात्यांनी ते अंगणात वाचलं आणि परत माझ्या हातात दिलं.

“काय बे पुढारी, वस्ती कुठं दिसली तुला?”

“हीच की, तात्या.”

“भाऊ वेगळे निघाले, मळ्यात जाऊन ऱ्हायले, की ती वस्ती. बाजार भरतो ते गाव. अन् एका चुलीचा निखारा नेऊन दुसरी चूल पेटते ती वाडी. ही वाडी हाय.”

“रस्ता नावानं होत न्हाई तात्या, मोर्चानं होतो.”

“मग वाडीचा काढ. वस्तीच्या मोर्चाला मी न्हाई येणार.”

सगळी पत्रकं मी हातानं दुरुस्त केली. निवडणुकीत तर एका उमेदवाराच्या जीपसमोर तात्या आडवे उभे राहिले. भोंग्यावरून ‘वाडीतल्या बंधूंनो’ ऐकू आलं, तेव्हाच बाजूला झाले. रस्ता मोर्चानंही झाला नाही, जीपनंही नाही.

दिवाळीनंतर वाडी ऊसतोडीला जाते. किल्ल्या तात्यांकडे राहतात. या हंगामात मी पुन्हा पत्रकं घेऊन गेलो. दारोदार कुलपं. वाचणार कोण, म्हणून गठ्ठा पारावर टाकून बसलो. आता पुरे, असं वाटत होतं.

तेवढ्यात कोंडिबाच्या बंद घरातून धूर निघाला. आत तात्या चुलीपाशी वाकले होते. खापरात निखारे होते.

“सकाळी शेवंताकडं पेटवली होती,” ते म्हणाले. “तिथला इस्तू हितं आणला. आज चहा कोंडिबाकडं.”

“कोंडिबा तर कारखान्यावर आहे.”

“म्हणून तर. लई दिवस चूल गार ऱ्हायली की वाडी मोडती.”

“मग स्वतःच्या घरी करा की चहा. एवढं फिरता कशाला?”

तात्यांनी निखारा फुंकला. “घरी मी एकटाच असतो. हितं मी पाहुणा असतो.”

त्यांनी दोन कप भरले. एक माझ्याकडे सरकवला आणि उंबऱ्यापाशी जाऊन उभे राहिले, कपाला हात न लावता. मला समजायला जरा वेळ लागला.

“या तात्या,” मी म्हटलं, “बसा.”

ते बसले.