पाठीवरच्या तीन थापा

शनिवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मोजणीदाराची बायको मोटरसायकलवरून उतरली आणि तिने जाहीर केले, की दौऱ्याला ती बसने येईल. दौरा आठ दिवसांचा होता आणि निघायला एकच दिवस उरला होता. लग्नाच्या पंचवीस वर्षांत दोघांनीच करायचा हा पहिला लांबचा प्रवास.

"सत्तरच्या वर गेलात की माझे पाय माझे राहत नाहीत," ती म्हणाली. "मुंग्या कसल्या हो, अख्खं वारूळ चढतं!"

जमिनी मोजण्यात हयात गेल्यामुळे मोजणीदाराला आकड्याशिवाय दुखणेही पटत नसे. दौऱ्यासाठी मागे सामानाच्या दोन पेट्या बसवल्या, त्याला महिना झाला होता. तेवढ्या काळात त्याने चाकांचा तोल साधून घेतला, चेन ताणली, हँडलच्या टोकांना वजने लावली. गाडीची थरथर मात्र जागची हलली नव्हती.

नऊ वाजता दोघे मेकॅनिककडे गेले. त्याने इंजिन धरून ठेवणारे सगळे बोल्ट ढिले केले, इंजिन दोन मिनिटे चालू ठेवले आणि मग एकेक बोल्ट सावकाश कसला.

"इंजिनाला आपली जागा आपणच शोधू द्यायची, साहेब. दाबून बसवलं की कुरकुर करतं."

"ऐकताय ना?" बायको म्हणाली.

"आता सगळं सामान लादून फेरी मारा. नुसतं थरथरतं म्हणू नका. किती वेगाला, कुठे, ते सांगा. मागचं वहिनी सांगतील."

मोजणीदाराला हे फार आवडले. वाऱ्यात बोललेले ऐकू येत नाही म्हणून त्याने तिथल्या तिथे पद्धत ठरवली: पाठीवर एक थाप म्हणजे पाय, दोन म्हणजे सीट, तीन म्हणजे सर्वांग.

घरी जाऊन सामान लादले आणि दोघे फेरीला निघाले. पासष्टला एक थाप पडली, सत्तरला दोन. पंच्याहत्तरला खड्डा लागला आणि पाठोपाठ तीन थापा. मोजणीदार खूश झाला. इतका स्वच्छ आकडा महिन्याभरात मिळाला नव्हता. पडताळा घ्यायला त्याने वेग ऐंशीवर नेला. तिकडे थापा सहावर गेल्या, मग नऊवर, मग मुठी सुरू झाल्या. नवल म्हणजे त्याच्या हाताला काहीच जाणवत नव्हते. चार किलोमीटरनंतर बायकोने कॉलर ओढली तेव्हा तो थांबला.

"सर्वांग?" त्याने वही काढत विचारले.

"अहो, डावी पेटी पडली!"

"कधी?"

"पंच्याहत्तरला!"

"मग सांगायचं नाही का?"

"पेटीला किती थापा ठरल्या होत्या?"

ठरल्याच नव्हत्या. मोजणीदार खाली वाकला. डाव्या पेटीची चौकट बायकोच्या पायाखालच्या फुटरेस्टच्याच बोल्टवर बसवलेली होती आणि बोल्टचे आटे साफ झिजले होते. इंजिन बिचारे निर्दोष होते. महिनाभर थरथरत होती ती पेटी.

"आता पाय कसे आहेत?" त्याने हळूच विचारले.

"माझेच आहेत."

"मग उद्या... बसने?"

"कशाला? माझे कपडे उजव्या पेटीत आहेत."

तो हसला. मग डाव्या पेटीत कोणाचे होते, ते त्याला आठवले.

दुपारी एकपर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडा धुंडाळून झाल्या. खड्ड्याजवळच्या पंक्चरवाल्याच्या सांगण्याप्रमाणे, तसली एक पेटी कुणीतरी ट्रकमध्ये टाकली आणि ट्रक डोंगराच्या दिशेने गेला. दौराही तिकडचाच आहे. हाती आलेल्या माहितीनुसार पेटी एक दिवस आधी निघाली आहे.