डिशमधले बिबडे

गिरधर पाटलाच्या गच्चीवर डिश बसली आणि पारोळ्याच्या त्या गल्लीनं काय बघायचं, हे गिरधर ठरवू लागला. केबल आल्यावर लोकांनी दूरदर्शनचे अँटेना काढून टाकले. त्यांच्या दांड्यांवर आता लुगडी वाळत. गिरधर सकाळपासून सिनेमे लावी, आणि सात वाजता मराठी बातम्यांची वेळ झाली तरी त्याच्या पडद्यावर कोणीतरी कोणाला तरी बुकलतच असे.

समोरच्या आधार आबांनी एकदा त्याला अडवलं. "गिरधर, तू जे दखाडस तेच आम्हले दखनं पडस. दिवसमा एक डाव बातम्या दखाड."

जनतेला मारामारीच लागते, असं गिरधरनं त्यांना समजावलं. जनतेला त्यानं अर्थातच विचारलं नव्हतं.

पण त्या एप्रिलात चाळीसगावचा एक केबलवाला गल्लीत घरोघर फिरू लागला. दोन-तीन घरं डळमळली. गिरधरची झोप उडाली. रविवारी दुपारी कोराकरकरीत सिनेमा दाखवीन, असा शब्द त्यानं गल्लीला दिला. हा शब्द मोडला असता तर धंदा गेलाच होता.

आणि रविवारी दुपारीच पडद्यावर मुंग्या आल्या.

गिरधर शिडी घेऊन खांबाखांबावर चढला. वायर चाचपली, जोड सोडले, पुन्हा बांधले. घरातल्या केबलच्या मशीनला आधी थोपटलं, मग मारलं. राहिली फक्त डिश. पण गच्चीवर जायची सोय नव्हती. बिबड्यांचे दिवस होते. शिजवलेल्या ज्वारीचे ते पातळ पापड ओल्या धोतरांवर थापून गच्चीवर पसरले की खानदेशात बाईमाणूस गच्चीचा ताबा घेते, आणि मग तिथे नवऱ्याचंही पाऊल चालत नाही. त्यानं अंगणातूनच कुंदाबाईला हाक मारली.

"अवं, डिश जागावर शे का?"

"जागावरच शे. तिले काय पाय फुटनात का? मी आठेच बठेल शे."

बायकोच राखण करते आहे म्हटल्यावर गिरधर निश्चिंत झाला आणि पुन्हा खांबावर चढला.

संध्याकाळपर्यंत दारात माणसं जमली. चाळीसगावचा केबलवालाही मागे उभा राहून हळहळत होता, आणि त्याची हळहळ गिरधरला फार झोंबली. काहीतरी दिसलंच पाहिजे म्हणून त्यानं मागच्या भिंतीवरचा आपला जुना अँटेना मशीनला जोडला. दूरदर्शन उमटलं. सातच्या बातम्या चालू होत्या. लोक नाकं मुरडून आपापल्या घरी गेले, आणि दुसरं काही नाही म्हणून बघत बसले.

बातम्यांच्या शेवटी हवामान सांगितलं: धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत आज रात्री वादळी पाऊस.

सगळी गल्ली गच्च्यांकडे धावली. बिबड्यांना दोन उन्हं लागतात, म्हणून घरोघरचे बिबडे अजून वरच होते. कापडांच्या घड्या करून बायका खाली उतरतात न उतरतात तोच वारा सुटला आणि टपोरा पाऊस कोसळला. एकीचाही बिबडा भिजला नाही. लोकांचा जीव भांड्यात पडला.

आधार आबा डोक्यावर पोतं घेऊन आले. "बठ्ठी गल्लीना बिबडा वाचनात रे. सिनेमा बंद करीसन बातम्या लावाले अक्कल लागस." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. चाळीसगावचा केबलवाला शेवटच्या गाडीची वेळ विचारत निघून गेला. गिरधरला इतकं हलकं वाटलं की, लोकांचं हित आधी, सिनेमा नंतर, असं तो बोलून गेला आणि रोज सातला बातम्या दाखवायचं कबूलही करून बसला.

सगळे गेल्यावर त्यानं सहज डिशची वायर जोडून पाहिली. चित्र आरशासारखं स्वच्छ. तो चकित होऊन वळला, तर कुंदाबाई बिबडे टोपलीत रचत होती. प्रत्येक बिबड्यावर डिशच्या जाळीचे चौकोन उमटले होते.

"अर्धी गच्ची शेजारीणना बिबड्यासनी भरेल व्हती," ती शांतपणे म्हणाली. "आन तुमनी ती परात रिकामीच व्हती. खालतीन वारा, वरतीन ऊन."

गिरधरला आबांची शाबासकी आठवली, आणि त्यानं एक बिबडा उचलून खाल्ला.

तेव्हापासून त्या गल्लीत रोज बातम्या दिसतात. एखाद्या संध्याकाळी सिनेमा ऐन रंगात येतो आणि गिरधरला सातचा विसर पडतो. मग कुंदाबाई एक धोतर ओलं करते, पिळते आणि गच्चीचा जिना चढू लागते.