पाचशेची गाडी आणि रविवारचे सूप

रविवारी सकाळी चर्च सुटल्यावर मोटारसायकल शर्यतींच्या क्लबचे प्रशिक्षक झेनोन आपल्या घरी न जाता बोझेनाकडे तिसऱ्या मजल्यावर आले. त्यांचा डावा गुडघा वाकत नसे, त्यामुळे जिना चढायला वेळ लागला. स्वयंपाकघरात कोंबडीचे सूप मंद आचेवर होते. झेनोननी टोपी काढली, खुर्चीत बसले आणि भांड्याकडे पाहत म्हणाले, "वहिनी, एक विनंती आहे. मोसम संपेपर्यंत हे सूप या दाराबाहेर जाऊ देऊ नका."

"म्हणजे?"

"घरात कितीही खा. बाहेर थेंबही नको. कालची मॅच आपण कशामुळे हरलो, ठाऊक आहे ना?"

"इगोर हळू चालवत होता म्हणून," बोझेनाचा नवरा रोमान म्हणाला.

"आणि तो हळू का चालवत होता?"

गावात कुणालाही विचारले असते तरी उत्तर एकच आले असते. इगोरच्या फ्रिजमध्ये बोझेनाने दिलेली सुपाची बरणी होती.

हे प्रकरण सुरू झाले ते तिच्या मुलाच्या, रेमेकच्या, पहिल्या गाडीपासून. पोलंडमधल्या त्या गावात मुलगे चालायला आणि डावीकडे वळायला साधारण एकाच वेळी शिकतात. स्पीडवेची गाडी म्हणजे एक गिअर, मिथेनॉलची टाकी आणि ब्रेक नसलेली मोटारसायकल. चौघे एकदम सुटतात, मातीच्या लंबगोल ट्रॅकवर चार फेऱ्या मारतात, आणि वळणावर मागचे चाक घसरवत, डाव्या पायातला पोलादी बूट जमिनीवर घासत जातात. ब्रेक नसण्याचे कारण सरळ आहे. ब्रेक असता तर पुढच्याने तो कधीतरी दाबला असता आणि मागचा त्याच्यावर आदळला असता. बोझेना दूधसंघाच्या प्रयोगशाळेत काम करायची, तिला हा तर्क पटत होता. फक्त त्या गाडीवर आपला मुलगा आहे, हे पटत नव्हते.

क्लबकडे गाड्या मोजक्या होत्या. वरचा मुलगा मोठ्या गाडीवर गेला की त्याची गाडी खालच्याला मिळायची, असा रिवाज. पण या क्लबातले वरचे मुलगे सहसा पुढे जात नसत, आडवे होत.

रेमेक अकरा वर्षांचा असताना शिमेक नावाच्या मुलाचे खांद्याचे हाड मोडले आणि त्याची एकशेपंचवीस सीसीची गाडी रेमेकला मिळाली. तिचा आवाज मिक्सरसारखा होता. रेमेक आनंदाने घरभर नाचला. बोझेनाला त्या आनंदाची लाज वाटली, म्हणून तिने सूप केले आणि बरणी घेऊन इस्पितळात गेली. इथवर कुणाला काही वाटायचे कारण नव्हते.

तीन वर्षांनी, रेमेकच्या वरच्या नंबरावर असलेल्या यारेकच्या आईचा वाढदिवस होता. बोझेनाकडे रविवारचे सूप उरले होते, तिने बरणी भरून दिली. बुधवारी यारेक सरावात कुंपणावर गेला. मांडीचे हाड, दोन ठिकाणी. त्याची अडीचशेची गाडी, हँडल किंचित वाकलेले, रेमेककडे आली. टाकीवर यारेकचे नाव होते. रोमानने त्यावर पांढरा रंग मारला, पण ऊन पडले की नाव खालून दिसायचे.

सूप आणि हाडे यांची सांगड घातली ती शिमेकच्या आईने; तिच्या मुलाच्या वेळी सूप हाडानंतर आले होते, हे कुणी मोजले नाही. त्यानंतर बोझेना बेकरीत शिरली की खेळाडूंच्या आया तिला रांगेत पुढे जायला वाट द्यायच्या. तिच्या जुन्या बरण्या धुऊन, पुसून दारात ठेवल्या जायच्या आणि बेल वाजवणारी बाई जिन्यावरून दिसेनाशी व्हायची.

"झेनोनदादा," बोझेना आता म्हणाली, "मी दिवसभर दुधाचे नमुने तपासते. दोन नमुन्यांवरून काही सिद्ध होत नाही."

"मान्य. पण दोन नमुने नासके निघाले, तर तिसरा ग्लास तुम्ही पिता का?"

बोझेनाने गॅस उगाचच कमी केला.

"पण इगोरला द्यायची गरज काय होती?" रोमान म्हणाला.

"खोकला होता त्याला."

हे खरे होते, पण पुरते नव्हते. रेमेक आता सोळा वर्षांचा होता. सप्टेंबरमध्ये शर्यतीच्या परवान्याची परीक्षा होती आणि ती पाचशेच्या गाडीवरच द्यावी लागते. क्लब पुढच्या वर्षी दोनच नवे खेळाडू घेणार होता, त्यामुळे ही परीक्षा हुकली की रेमेकचा विषय संपला. गावात मोकळी म्हणावी अशी पाचशे एकच होती, इगोरची दुसरी गाडी, आणि इगोर ती कुणाला हात लावू देत नसे. इगोर क्लबचा सर्वांत चांगला खेळाडू. राहायचा याच इमारतीत, पाचव्या मजल्यावर, आणि इतक्या वर्षांत तो एकदाही पडला नव्हता. तो उभा आहे तोवर रेमेक अडीचशेवर राहणार, हिवाळा येणार आणि पोरगा नाइलाजाने एखादे शिक्षण घेणार, असा बोझेनाचा हिशेब होता. गावात इगोरच्या तब्येतीची तिच्याइतकी काळजी दुसऱ्या कुणाला नव्हती. म्हणून तर त्याला खोकला झाल्याबरोबर ती बरणी घेऊन दोन मजले चढली होती.

बेल वाजली. दारात इगोर होता. दोन्ही हातांत धरून त्याने बरणी आणली होती.

"काकू, ही तुमची बरणी. झाकण उघडलेलं नाही, बघून घ्या."

"अरे, गरम करून प्यायचं होतंस. खोकला कसा आहे?"

"खोकला गेला. भीतीनं गेला," इगोर म्हणाला. "रेमेक कुठंय?"

रेमेक न्हाणीघरातून दात घासता घासता बाहेर आला.

"माझी दुसरी गाडी खाली व्हॅनमध्ये आहे," इगोर त्याला म्हणाला. "ती तुझी. परीक्षा दे, काय हवं ते कर."

रेमेकच्या तोंडातला ब्रश थांबला. "पाचशे?"

"पाचशे. झेनोन सर, तुम्ही साक्षीदार. रोमानकाका, तुम्हीही. मी दोन्ही पायांवर उभा राहून देतोय. सगळी हाडं जागच्या जागी आहेत." मग तो बोझेनाकडे वळला आणि आवाज उतरवून म्हणाला, "काकू, मिळाली ना गाडी? आता तरी मिटलं ना?"

"अरे, मला गाडी नकोच होती!"

इगोर एक पाऊल मागे सरकला. "मग काय हवंय? इंजिन पण नवीन टाकून देऊ?"

"वहिनी, हो म्हणून टाका," झेनोन घाईघाईने म्हणाले. "पुढच्या रविवारी परत मॅच आहे."

बोझेना हो म्हणेपर्यंत रेमेक ब्रश तोंडात ठेवून, सपाता घालून तीन मजले उतरला होता.

पाचशेची गाडी अडीचशेच्या दुप्पट असेल असे वाटते, तसे नसते. लहान मोटारगाडीची ताकद सायकलीसारख्या सांगाड्यात कोंबली की जे होते ते होते. पहिल्या दिवशी ती रेमेकला मागे टाकून एकटीच निघाली. दुसऱ्या दिवशी त्याने तिला धरून ठेवले आणि रात्री त्याला चमचा धरता येईना. महिनाभराने तो वळणावर बूट टेकवून, गाडी आडवी करून असा जाऊ लागला की झेनोननी एकदा शिट्टी वाजवली आणि मग कुणी ऐकले तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे पाहिले.

"चांगला आहे का हो तो?" बोझेनाने त्यांना विचारले.

"दुर्दैवानं, हो," झेनोन म्हणाले.

परीक्षेच्या दिवशी ती नेहमीसारखी ट्रॅककडे पाठ करून उभी राहिली. प्रत्येक खेळाडूच्या मनगटाला एक दोरी बांधलेली असते. तो पडला की दोरी ओढली जाते आणि इंजिन बंद पडते. म्हणून बोझेना कधी पाहत नसे, ऐकायची. आवाज आहे तोवर मुलगा गाडीवर आहे.

एकट्याच्या चार फेऱ्या रेमेकने वेळेच्या आत संपवल्या. मग चौघांची शर्यत. चार इंजिने एकदम गरजली, पहिली फेरी, दुसरी, आणि तिसऱ्या फेरीत लाकूड फुटल्यासारखा आवाज झाला. एक इंजिन थांबले. लगेच लाल दिवा लागला असावा, कारण बाकीचीही थांबली. आता शांततेवरून कोण पडले ते कळायला मार्ग नव्हता.

"रोमान," ती मागे न वळता म्हणाली. "कोण?"

रोमान शहराच्या बसवर चालक होता, प्रत्येक थांब्यावर ब्रेक दाबायची त्याला सवय होती. उत्तर द्यायलाही त्याने वेळ घेतला.

"आपला नाही."

बोझेनाने श्वास सोडला आणि मग त्या श्वासाची तिला लाज वाटली. पाच वर्षांपूर्वी वाटली होती तशीच.

"मग कोणाचा? कुठल्या क्लबचा?"

"निळं हेल्मेट. स्ट्रेचरवर घालतायत. पाय हलवतोय."

"नाव काय त्याचं? त्याची आई आली असेल ना इथं?"

"नाव विचारू नकोस," रोमानने तिचा दंड धरला. "बोझेना, माझं ऐक. नाव विचारू नकोस, आणि घरी जाताना कोंबडी घेऊ नकोस."

शर्यत पुन्हा झाली, तिघांची. रेमेक पास झाला. क्लबच्या खोलीत झेनोननी त्याला परवाना दिला, दोन्ही गालांचे मुके घेतले आणि सगळ्यांना भिंतीजवळ उभे केले. त्या भिंतीवर क्लबच्या चार जुन्या खेळाडूंचे फोटो होते, प्रत्येकाच्या कोपऱ्यावर काळी फीत. चौघेही हसत होते. रेमेक त्यांच्या शेजारच्या मोकळ्या जागेखाली बरोबर जाऊन उभा राहिला.

"हं, आता एक मस्त फोटो," झेनोन म्हणाले.

"बाहेर काढा," बोझेना म्हणाली. "उन्हात."

ते घरी पोचले तेव्हा दारात हालिना उभी होती. तिचा ओलेक रेमेकच्या मागच्या नंबरावर होता. रेमेक वर सरकल्यामुळे अडीचशेची गाडी आजपासून ओलेकची झाली होती, वाकड्या हँडलसकट. इगोरची पाचशे सोडली तर क्लबात कुणी आडवे न होता गाडी खाली आल्याची ही पहिलीच वेळ, आणि हालिनाच्या डोळ्यांत पाणी होते. तिच्या हातात बरणी होती. गरम.

"अभिनंदन हं, रेमेक! बोझेना, हे घे. सूप आहे."

"सूप," बोझेना म्हणाली.

"काही विशेष नाही गं. रविवारचं उरलं होतं."

बोझेनाने बरणी घेतली. हालिनाला आता कोणत्या गाडीची वाट पाहायची होती, हे तिला माहीत होते. ती गाडी ज्याची होती तो मुलगा बोझेनाच्याच शेजारी उभा राहून बूट काढत होता. हालिनाच्या मनात तसे काही नसेल, असे बोझेनाने स्वतःला सांगितले. आपल्याही मनात नव्हते.

"आई, भूक लागलीय," रेमेक म्हणाला. "हेच गरम कर ना."

"गरमच आहे."

त्याने दोन वाट्या प्यायल्या. शेवया बोटाने पुसून खाल्ल्या. रोमान आपल्या वाटीत चमचा फिरवत बसला. बोझेना मुलाच्या मनगटाकडे पाहत होती, जिथे दोरीचा लाल वळ उठला होता.

"छान आहे," रेमेक म्हणाला. "तुझ्यापेक्षा मीठ कमी आहे, पण छान आहे."

बरणी तिने त्याच संध्याकाळी घासली. मग ती हातात घेऊन बोझेना ओट्यापाशी उभी राहिली. बरणी रिकामी परत करायची त्यांच्याकडे पद्धत नव्हती. सूप भरून द्यायचा तर प्रश्नच नव्हता. शेवटी तिने खालच्या कपाटातून खारवलेल्या काकड्या काढल्या, बरणी गच्च भरली, झाकण घट्ट लावले आणि हालिनाच्या दारात ठेवली. बेल वाजवली आणि, इतरांसारखीच, जिन्यावरून पटकन उतरली.

दुसऱ्या दिवशी ती कामावर निघत होती, तेव्हा हालिना धापा टाकत आली. घरातल्या कपड्यांवर, केस न विंचरता. बरणी तशीच भरलेली तिच्या हातात होती. ओलेकचा अडीचशेवरचा पहिला सराव त्याच सकाळी होता.

"बोझेना, खरं सांग, मी रागावणार नाही," ती म्हणाली. "सुपाचं मला माहितेय. काकडीनं काय होतं?"

बोझेनाने प्रामाणिकपणे विचार केला.

"सांगता येत नाही," ती म्हणाली. "अजून कुणाला दिली नव्हती."