हुंडाराचं चिलखत

गजाभाऊ बोरकर पायी चालतानाही हेल्मेट घालतो. गाडीवर घालणारे आमच्या हिंदी मुलखातल्या बालाघाट शहरात पुष्कळ आहेत, निदान चौकात पोलीस दिसला की घालतात. गजाभाऊ मात्र कोथिंबीर आणायला निघाला तरी हेल्मेट घालूनच निघतो. न्हाव्याच्या खुर्चीत बसला की काढतो, तेही न्हाव्याने दोनदा विनवल्यावर. हेल्मेटखाली मफलर, मफलरखाली स्वेटर आणि त्या स्वेटरच्या आत आणखी एक बिनबाह्यांचं. आमच्याकडची थंडी होळीला निरोप घेते, गजाभाऊचं स्वेटर गुढीपाडव्यापर्यंत टिकून असतं.

“चालताना काहून घालता जी?” असं कोणी विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं. “खतरा काय हार्न वाजवून येते का?”

हे वाक्य त्याच्या धंद्यातलं आहे. गजाभाऊ विम्याचा एजंट. आमच्या वॉर्डात माझ्या घराला लागून त्याचं घर, मधे फक्त एक कमरेएवढी भिंत. लग्न केलं नाही. आई होती तोवर तिचा आवाज थेट आमच्या ओसरीपर्यंत यायचा, “गज्या, घरात आला नं तू? मंग डोक्यावरचं टोपलं उतरव!” आम्ही चहा पिता पिता हसायचो. म्हातारी गेली, तेव्हापासून तो घरातही हेल्मेट घालून हिंडताना खिडकीतून दिसतो.

इथपर्यंत माझं त्याच्याशी काही भांडण नव्हतं. भांडण आहे ते हुंडारामुळे.

आमच्याकडे लांडग्याला हुंडार म्हणतात. गजाभाऊचा हुंडार मात्र माणूस आहे. जंगलात वाढलेला, अक्षरशत्रू, राक्षसांना आणि राजांना सारखाच बडवणारा. कमरेला कातडं, हातात कुऱ्हाड, छाती उघडी. समोरून पत्र्यातली अख्खी फौज चालून आली तरी उघडी. रोज संध्याकाळी सात वाजता गजाभाऊ मोबाइलवर त्याच्या गोष्टीचा एक तुकडा बोलतो आणि वॉर्डाच्या ग्रुपवर टाकतो. भाषा म्हणाल तर निम्मी आपली, निम्मी हिंदी आणि उरलेली गुरगुर. आणि लोक ऐकतात! उकव्याच्या खाणीतले लोक म्हणतात, गोष्टीतला काळा डोंगर आमचाच. तिरोडीचे म्हणतात, आमचा.

मी मराठीचा निवृत्त शिक्षक. नाटकं लिहितो. आमच्या मराठी मंडळाच्या जानेवारीतल्या संमेलनात दरवर्षी माझंच नाटक व्हायचं. गेल्या वर्षीचं होतं ‘वृंदावनातला निखारा’. त्यात नायकाला ‘तद्वतच’ म्हणायचं होतं. तो पोरगा हिंदी शाळेतला, ‘तद्वतच’ म्हणताना त्याला हसू आलं, त्याच्यामुळे नायिकेला आलं आणि मग वडिलांच्या प्रेतालाही आलं. तरीही ते साहित्य होतं. हुंडार म्हणजे काय? उथळ पाण्याला खळखळाट फार.

पण ही म्हण मी ऐकवणार कुणाला? माझी बायको सुमन सातच्या ठोक्याला मोबाइल पोळपाटाशेजारी उभा करते. एकदा हुंडार विहिरीत पडला आणि आमच्याकडे पोळी जळली. माझ्या नाटकात नायिका विहिरीत पडते तेव्हा सुमन पर्समध्ये किल्ली शोधत होती. वर गंमत अशी की गजाभाऊच्या गोष्टीत राजेगावचा पूल ओलांडला की राक्षसांचं राज्य सुरू होतं. म्हणजे सरळ सरळ माझी सासुरवाडी! तिच्या माहेराबद्दल मी चकार शब्द काढला तर आठवडाभर अबोला. गजाभाऊने तिच्या माहेरी तीन शिंगांचे राक्षस नेऊन बसवले तर ही म्हणते, “अवो, किती मस्त सांगते न तो!”

जळतो मी. स्पष्टच सांगतो. पोटात दुखतं माझ्या.

गजाभाऊ रोज सकाळी त्या भिंतीवरून हेल्मेट पुढे काढतो आणि विचारतो, “मास्तर, कालचं आयकलं का?”

“वेळ नाही मिळाला,” मी सांगतो.

“हौ, हौ. तुमाले कामं असतेत,” असं म्हणून तो जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतो.

खरं म्हणजे मी ऐकतो. न्हाणीघरात नळ सोडून, कानात वायर घालून, पहिल्या तुकड्यापासून सगळं ऐकलं आहे. चुका काढायला ऐकतो. आणि एक जबरदस्त चूक मला सापडलीही आहे. हुंडाराची कुऱ्हाड नदीत बुडाली. तो तीरावर बसून तिच्यासाठी रडला, सुमनही रडली. आणि पुढे काळ्या डोंगरावर तीच कुऱ्हाड त्याच्या हातात! कुठून आली? कोणी विचारत नाही. मला विचारायचं आहे, पण विचारलं तर मी ऐकतो हे उघडं पडेल. ती कुऱ्हाड महिनोन् महिने माझ्या घशात अडकून आहे.

यंदा मंडळाच्या बैठकीत अध्यक्ष डोंगरेसाहेबांनी घसा खाकरला, तेव्हाच मी ओळखलं. “मास्तर, यंदा तुम्ही जरा आराम करा. पोरायचं म्हणनं हाय का हुंडार बसवू.” मी म्हटलं, वा, आनंदच आहे. घरी येऊन दोन दिवस जेवलो नाही. सुमनने विचारलं, पोट बिघडलं का? मी हो म्हणालो, आणि ते खोटंही नव्हतं.

हुंडाराच्या कामासाठी तिरोडीहून एक पोरगा ठरवला होता. खाणीत नोकरी, दंड बघावेत असे. संमेलन तोंडावर आलं आणि त्याची पाळी काही बदलून मिळेना. सगळी वाक्यं पाठ असलेला दुसरा माणूस वॉर्डात एकच होता. आता गजाभाऊची छाती मी पाहिली आहे, एकदा नळावर. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी ती छाती. डोंगरेसाहेबांनीही पाहिली असावी. ते म्हणाले, “गजाभाऊ, उघडं नोको. लोकं हासतीन, अन् थंडीही हाय. चिलखत घाला.”

“हुंडार चिलखत घालत नाई,” गजाभाऊ म्हणाला.

“काहून?”

“नाई घालत.”

मी मधे पडलो. माझ्या आवाजात साखर होती. “अहो, असं कसं? दिवसभर तुम्ही लोकांना विमा विकता. संरक्षण, संरक्षण म्हणता. तुमचाच नायक असा उघडा? काही कारण असेल ना?”

“दिवसभर लोकायले कवच इकतो म्हनूनच,” तो म्हणाला, “हुंडाराले त्याच्यातून सुट्टी देल्ली हाय.” सगळे हसले. मीच प्रश्न विचारावा आणि टाळी त्याने घ्यावी! पण ते काही त्याचं खरं उत्तर नव्हतं. शेवटी डोंगरेसाहेबांपुढे त्याची मान खाली गेली आणि चिलखत ठरलं. मला फार बरं वाटलं. त्या रात्री मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

संमेलनाच्या दिवशी दुपारी फाटकाशी पत्रा वाजला. पाहतो तर गजाभाऊ. गुजरी बाजारातल्या डबे बनवणाऱ्याकडून तेलाच्या पिप्यांचे दोन पत्रे कापून आणले होते, एक छातीला, एक पाठीला. पाठीवर ‘शुद्ध सरसों तेल’ ही अक्षरं उलटी आली होती. हेल्मेटला पोळ्याच्या बेगडाची दोन शिंगं. पत्र्यांचे पट्टे दोन्ही बाजूंनी लोंबत होते आणि ते धरण्यासाठी तो कोपरं मागे नेऊन स्वतःभोवतीच गोल फिरत होता.

“मास्तर, मांगचे पट्टे बांधून देता का? एकट्याच्यानं जमून नाई राह्यलं.”

मी बांधायला घेतले. माझे वडील बैल बांधायचे ती गाठ मी मारली, ओढली की आणखी आवळते ती. तो हात वर करून शहाण्यासारखा उभा होता.

“आता समजलं न, हुंडार काहून उघडा फिरते?” तो समोर पाहतच म्हणाला.

“का?”

“मले पयलेपासून मालूम होतं. चिलखत एकट्याले घालता येत नाई, मास्तर. मांगून बांधाले कोनी तरी लागते. राजे लोकायजवळ मानसं राह्यतेत. जंगलात हुंडाराजवळ कोन हाय?” मग त्याने पत्र्यावर टिचकी मारली. “मस्त बसलं. चालतो. तुमी येता न?”

“येतो की,” मी म्हणालो. गाठ चांगली बसली होती, आणि माझं सगळं लक्ष त्या गाठीतच होतं असं मी स्वतःला सांगितलं.

प्रयोगाबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण जास्त सांगवत नाही. चिलखत इतकं वाजत होतं की निम्मी वाक्यं ऐकूच आली नाहीत. कोणाला त्याचं काही नव्हतं. पोरं खुर्च्यांवर उभी राहून “मार, हुंडार, मार!” ओरडत होती. सुमनही ओरडत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बाईचा एवढा मोठा आवाज मी माझ्यावर रागावतानाही ऐकला नव्हता. पडदा पडला, डोंगरेसाहेबांनी माईक घेतला आणि म्हणाले, “गुलदस्ता देण्यासाठी मी आपल्या मास्तरांना मंचावर—” पुढचं मी ऐकलं नाही. मला ठसका लागला. ठसकत ठसकतच मी सुमनचा हात धरून मागच्या दाराने बाहेर पडलो. जाताना वळून पाहिलं तर गजाभाऊ मंचावर टाचा उंचावून, कपाळावर हात धरून गर्दीत कुणाला तरी शोधत होता. मला वाटलं, शोधतोय माझंच पडलेलं तोंड.

सकाळी मी दात घासत होतो. फाटकाशी पुन्हा पत्रा वाजला.

गजाभाऊच होता. तेच चिलखत, तीच शिंगं, एक वाकलेलं. वरून मफलर. डोळे लाल.

“मास्तर, सोडून द्या न.”

माझ्या तोंडातून फेस गळायला लागला. “म्हणजे? रात्रभर?”

“खुर्चीवर बसून होतो. आडवं होता येत नाई, मांगं पत्रा टोचते.”

“अहो, पण तिथे एवढी माणसं होती!”

“हौ, होती न. सगळ्यायनं फोटो काढले. हात मिळवले. मंग आपापल्या गाड्या काढल्या अन् गेले.” त्याने मफलर सारखा केला. “हुंडारानं कोनाले म्हनावं, भाऊ, मले मांगून सोडा म्हनून? तुमाले शोधलं मी. गाठ तुमची होती, तुमीच सोडसान वाटलं.”

मी तोंड न धुताच त्याला आत आणलं. सुमनने त्याला पाहिलं, मग मला पाहिलं, आणि मला पाहिलं ते बरंच पाहिलं. मग ती चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणाली, “गजाभाऊ, घरात आले न? डोक्यावरचं काढा मंग.”

त्याने लगेच हेल्मेट काढलं. न्हाव्याला दोनदा सांगावं लागतं, सुमनला एकदाच. केस चप्प बसलेले, कानावर बेगड चिकटलेला. हेल्मेट छातीशी धरून कुठे ठेवावं ते त्याला कळेना, तेव्हा तिने ते माझ्या टोपीशेजारी खुंटीला लावलं. एरवी त्या खुंटीचाही मला हेवा वाटला असता.

मी त्याच्या मागे उभा राहिलो. वडिलांची ती गाठ, रात्रभर त्याने ओढून ओढून दगड केली होती. नखं लागेनात. सॉरी म्हणावं असं मनात होतं, पण शिक्षकाच्या तोंडातून तो शब्द सहजी निघत नाही. पहिली गाठ सुटली. दुसरी सुटली. स्वेटरवर पत्र्याच्या कडेचा काळा वळ उमटला होता, आणि आत ती बरगड्यांची छाती श्वास घेत होती. मग माझ्या घशातून भलतंच बाहेर आलं.

“गजाभाऊ, ती कुऱ्हाड.”

“कोनती?”

“नदीत बुडाली होती ती. काळ्या डोंगरावर त्याच्या हातात परत कुठून आली?”

पत्रा खणखणला, कारण तो अख्खा मागे वळला होता. “मास्तर, तुमी आयकता?”

सुमनच्या हातातली गाळणी थांबली.

“हलू नका,” मी म्हणालो. “गाठ हातातून निसटते.”

“हौ,” तो म्हणाला. समोर वळला, हात वर केले आणि कालच्यासारखा शहाण्यासारखा उभा राहिला. शेवटची गाठ केव्हाच सुटली होती. ते मी त्याला लगेच सांगितलं नाही.