गोड लिंब आणि लाल परकर

या चैत्रात माझ्या परसात हळद्या येणार म्हणजे येणार! सेनगावजवळच्या आमच्या गोरेगावात मी हे ज्याला त्याला सांगून ठेवलं होतं. चहाच्या टपरीवर सांगितलं, पिठाच्या गिरणीत सांगितलं, दाढी करताना न्हाव्याला सांगितलं. हळद्या म्हणजे तो पिवळाधमक पक्षी, नुसता हळदीत बुडवून काढल्यासारखा. "कसा येणार?" असं कुणी विचारलं की मी फक्त हसायचो. संशोधक असाच हसतो.

ही गोष्ट दोन हजार दोन सालची. मी गावच्या वाचनालयाचा ग्रंथपाल. वाचनालयात रोज चार माणसं येत, त्यातली दोन पंख्याखाली बसायला. माझं मुख्य काम "शांतता राखा!" असं ओरडायचं. उरलेल्या वेळात मी वाचायचो. असंच एका जुन्या मासिकात वाचलं की अमेरिकेत लोक वसंतात परसात साखरपाण्याच्या बाटल्या टांगतात. बोटाएवढी पाखरं हवेत थांबून ते पाणी पितात. केशरी पाखरं फळांवर येतात.

बायकोला, सुकन्याला वाचून दाखवलं.

"आपल्याकडं हायेत का असली पाखरं?"

"बोटाएवढा शिंजीर हाय, पिवळा हळद्या हाय. त्यांना आजवर कुनी आवतनच दिलं न्हाई!"

"आवतन द्यायच्या आधी डबे बघावे लागतेत," ती म्हणाली आणि साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला.

मी स्टूल घेतलं.

साहित्य

सलाईनची रिकामी बाटली, नळीसकट. कंपाउंडरकडून मागून, उकळून घेतलेली.

साखर. विचारून घेतली नाही तर जास्त मिळते.

पाणी.

लाल कापड, कारण पाखरांना लाल रंग लांबून दिसतो असं मासिकात होतं. आमच्या घरात लाल एकच वस्तू होती, सुकन्याचा जुना परकर.

तिला विचारलं का? नाही.

कृती

साखर पाण्यात विरघळवावी. बाटलीला परकराचा मोठा तुकडा गुंडाळावा. परसातल्या कडुलिंबावर चढून बाटली उलटी टांगावी. नळीचं चाक फिरवून थेंब थेंब सोडावा.

आमचा लिंब कुंपणावरच आहे. मुळं आमच्याकडं, कल बोळाकडं. पोरं दगड मारतील म्हणून मी बाटली पार वर, तांबूस पालवीत दडवली; परकरापायी सुकन्यालाही जागा सांगितली नाही. चैत्रातली लिंबाची पालवी आणि परकर, रंगात काडीचा फरक नाही! खालून मलाच दिसेना. पाखरांना कशी दिसणार, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाव पेंगत असताना वर चढून बघितलं तर बाटली रिकामी!

"सुकन्या! पाखरं पिऊन राहिली!"

"दिसली का?"

"लाजाळू असतेत ती."

पुन्हा भरली. पुन्हा रिकामी! मी टपरीवर जाऊन जाहीर केलं की माझी पाखरं बाटल्यावर बाटल्या रिचवताहेत. लोकांनी माझ्याकडं जरा वेगळ्या नजरेनं बघितलं, पण संशोधकाला ते सोसावंच लागतं.

खरी गोष्ट अशी, की एका खारीनं नळी कुरतडली होती आणि सगळं साखरपाणी खोडावरून बोळाच्या बाजूला ओघळत होतं.

ते मला दिसलं नाही. रूपाबाईच्या शेळीला दिसलं.

उकळी

रूपाबाई तांड्यावरची. रोज आमच्या बोळातून शेळ्या नेते. त्या दिवशी तिची एक शेळी जागची हलेना. लिंबाचं खोड चाटायला लागली. शेळी लिंबाचा पाला खाते, पण खोड चाटत नाही. रूपाबाईनं बोट लावलं, जिभेवर ठेवलं आणि तिची आरोळी थेट बाजारात ऐकू आली.

"आवं माय! लिंब गोड झाला!"

संध्याकाळी वाचनालय बंद करून मी बोळात शिरलो तर मला माझ्याच घरी जायला वाट मिळेना! खोडाला हळदकुंकू, बुडाशी नारळ, पपई, केळी. सुकन्या नवी साडी नेसून उभी, आणि बाया तिला म्हणत होत्या, "भाग्याची गं बाई, भाग्याची!"

"अहो, आपल्या लिंबाला गोड पाणी फुटलं!" तिचे डोळे भरून आले होते.

मी वर बघितलं. खाली बघितलं. सगळं समजलं.

आणि गप्प बसलो. वाचकहो, लग्नाला बारा वर्षं झाली होती, आणि माझ्या घरातल्या कुठल्याही गोष्टीमुळं तिला कुणी भाग्याची म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. तोंड कसं उघडू? उलट रात्री गुपचूप चढून बाटली पुन्हा भरली.

दुसऱ्या दिवशी सेनगावच्या जीपवाल्यानं आमच्या बोळाचा थांबाच केला. "चला गोड लिंब, गोड लिंब!"

उतू जाणे

इथवर हसण्यासारखं होतं. पण आमच्या शेजारच्या सत्यभामाबाईंना साखरेचा आजार. मी त्यांना मावशी म्हणतो. त्यांचा मुलगा शिवहार, मावशीच्या गोळ्या न चुकता आणणारा सरळ माणूस.

सकाळी मावशी पितळी तांब्या खोडाला लावून बसलेल्या.

"मावशी, हे पिऊ नका!"

"काहून?"

"बाधतं."

"लिंब बाधतो? अरे ज्ञानबा, पाडव्याला कडू पाला गुळासंगं खातो का न्हाई आपन? यंदा देवानंच कालवून दिला! लिंब साखरेवर औषध, समद्या जगाला ठावं हाय. गोळ्या टाकून दिल्या मी उकिरड्यावर."

साखरेच्या रोग्याला मी माझ्या हातानं साखर पाजत होतो! देवाच्या नावानं! तांब्यानं!

"शिवहार, आईला आवर."

"आवरू कशाला? आई किती खूश हाय बघा. तुमच्या लिंबाचे उपकार, दादा!" त्यानं माझे पाय धरले. मी पाय मागं घेतले तर म्हणाला, "किती साधा मानूस!"

तेव्हा मी डोकं चालवलं. दुपारी चढून बाटलीत नुसतं पाणी भरलं.

संध्याकाळी बोळात हाहाकार!

"देव पातळ झाला!"

"कुनाचं तरी पाप नडलं!"

कुणाचं, ते मला ठाऊक होतं. पण मावशीनं खोडाशी बसकण मारली आणि पदर खोचून सांगितलं, "लिंब पुन्हा गोड होईस्तोवर अन्नाला शिवनार न्हाई."

साखर पाजली तरी मावशी संकटात, न पाजली तरी उपाशी!

ढवळणे

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी परसाच्या बाजूनं झाडावर चढलो. बेत सोपा होता. बाटली काढायची, पुरावा नष्ट करायचा, नंतर मावशीला एकांतात काहीतरी सांगायचं. त्या काहीतरीची जुळवाजुळव चालू असतानाच बोळात जीप थांबली, टाळ वाजले आणि खाली अख्खी सेनगावची मंडळी जमली. मी फांदीला वटवाघळासारखा चिकटलो. बगलेत बाटली, तिला लाल परकर.

पानांच्या फटीतून मावशी दिसत होत्या. चेहरा पांढरा पडलेला.

"आई, दोन घास खा गं," शिवहार रडकुंडीला आलेला.

"न्हाई. देवानं सांगितल्याबिगर न्हाई."

त्यांची मान कलायला लागली. मग मात्र मला राहवेना.

"मावशी! जेवा!" मी वरून ओरडलो.

टाळ थांबले.

"झाड बोललं!"

आता खरं सांगायची वेळ होती. "मी ज्ञानबा, ही साखर माझी," एवढंच म्हणायचं. मी तोंड उघडलं. खाली सगळं गाव हात जोडून. सुकन्या सर्वांत पुढं, डोळे मिटून.

माझ्या तोंडून निघालं, "सत्यभामे! भाकर खा!"

"खाते, देवा."

"गोळ्या घे!"

"टाकून दिल्या, देवा."

"शिवहार नव्या आनील!"

"आनतो, देवा!" शिवहार मेडिकलकडं धावलाच. कुणीतरी भाकरी आणली. मावशीनं घास मोडला. गोळी आली, तीही घेतली. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. माझी छाती फुगली. एवढं बिनचूक काम मी आयुष्यात केलं नव्हतं!

इथं थांबायला हवं होतं.

पण खाली आनंदानं एकच गलका उठला. टाळ, शिट्ट्या, जयजयकार. आणि अठरा वर्षांची सवय माझ्या घशातून आपोआप बाहेर पडली.

"शांतता राखा!"

शिट्टीवाल्यांनी तोंडातली बोटं काढली. मग रूपाबाईचा सावकाश आवाज आला.

"ह्यो तर पुस्तकवाला हाय."

मी दचकलो. बाटली सुटली. ती फांदीफांदीवर आपटत खाली गेली आणि परकर मात्र मोकळा होऊन, पतंगासारखा हेलकावे खात, अलगद नारळांवर जाऊन बसला.

सुकन्यानं डोळे उघडले.

"माझा परकर!"

वाढप

पुढचं मला माहीत नाही, कारण मी तोंड फांदीत खुपसलं होतं आणि डोळे घट्ट मिटले होते. लिंबाची साल गालाला रुतत होती. झाड मला गिळून टाकील तर बरं, असं वाटत होतं. खालून हसू येत होतं, शिव्या येत होत्या. मग एकाएकी काहीच येईना. कितीतरी वेळ चिडीचूप शांतता, माझ्या वाचनालयात कधी झाली नव्हती तशी. मला वाटलं, दगड गोळा करताहेत.

शेवटी सुकन्याचा आवाज आला, अगदी हळू.

"अहो. बघितला का?"

"काय?"

"हळद्या! नैवेद्याच्या पपईवर बसला व्हता. समद्या गावानं बघितला. किती पिवळा, माय!"

"मग? कुठं हाय?"

"तुमी हालला, उडाला."

उरलेलं

हळद्या आता रोज येतो म्हणे. बाया अजून पपई ठेवतात, देवासाठी नाही, पाखरासाठी. सुकन्याला आता त्या पाखरावरून भाग्याची म्हणतात. परकराबद्दल ती कुणासमोर बोलत नाही. एकटी असताना बोलते.

मावशी ठणठणीत आहेत. गोळी एकदाही चुकवत नाहीत. मात्र रोज सकाळी, बोळात गर्दी असेल तेव्हाच, लिंबाखाली येऊन उभ्या राहतात, कमरेवर हात ठेवतात, वर तोंड करतात आणि अख्ख्या गोरेगावला ऐकू जाईल असं ओरडतात.

"घेतली रे देवा गोळी!"

त्या आवाजानं हळद्या भुर्रकन उडून जातो. सुकन्या सांगते. मी तेव्हा दाराआड असतो.