सात बासष्टचे बाबलकाका

आमच्या वाडीत कुठेही फटाका वाजला की लोक वर बघत नाहीत, बाबलकाकांकडे बघतात. काका मान तिरकी करतात, डोळे मिटतात आणि बंदुकीच्या गोळीच्या मापात निकाल देतात, "नऊ एमेम. घरातल्या घरात वापरूचो बार." सुतळी बॉम्ब फुटला तर मात्र खुर्चीतून ताडकन उठतात. "सात बासष्ट! ह्येका म्हणतत आवाज!"

काका म्हणजे आमच्या गडग्यापलीकडचे, म्हणजे दगडी कुंपणापलीकडचे शेजारी, लष्करातले निवृत्त हवालदार. बंदुकांचं त्यांच्याइतकं ज्ञान उभ्या वेंगुर्ल्यात कुणाला नसेल, आणि खरं सांगायचं तर कुणाला नकोही आहे. पण काकांना हे सांगणार कोण! मी आपला काजू वेचत असतो आणि गडग्यावरून व्याख्यान सुरू होतं. "पाच छप्पनची गोळी हलकी, म्हणान शिपाई जास्ती घेवन जाता. सात बासष्टची जड, भिंतीपलीकडच्याकय सोडणा नाय. पण गल्लीत? जिन्यात? थंय आखूड नळी व्हयी! लांब बंदूक दारात अडाकली काय तू मेलंस!" उगाच मरायला नको म्हणून मी हूं हूं करत राहतो.

मच्छीमार्केटला जाताना काका लांब दांड्याची छत्री नेत नाहीत, घडीची नेतात. गर्दीत आखूड नळी बरी! माणसंसुद्धा त्यांनी अशीच लावून ठेवली आहेत. एकदा मला म्हणाले, "तुजी बायल सात बासष्ट. सैंपाकघरातसून बोलली काय खळ्यापर्यंत आरपार. तू नऊ एमेम. घरातल्या घरात चालतलंस." बायकोने हे ऐकलं आणि काकांना आंबोळ्या नेऊन दिल्या. माझा अपमान झाला की घरात असा आनंद होतो.

आणखी एक खोड. रोज दिवेलागणीला काका गडग्यावर बसतात आणि कामावरून, बाजारातून परतणाऱ्या प्रत्येकाला विचारतात, "जमा?" आपण "जमा!" म्हणायचं आणि पुढे व्हायचं. एकदा बायको माहेरी आरोंद्याला राहिली आणि मी सांगायचं विसरलो, तर म्हातारा तिची वाट बघत न जेवता गडग्यावरच बसून राहिला. मी वैतागलो. म्हटलं, "तुमका काय करूचा आसा ओ, कोण खंय गेला ता?" काका उठून घरात गेले.

गेल्या चतुर्थीला, भर दुपारी, आम्ही पडवीत जेवायला बसणार एवढ्यात माजघरातून आई किंचाळली. वांदर! खिडकीतून शिरलेला एक दांडगा वांदर थेट माटवीवर चढून बसला होता. माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली लाकडी चौकट. नारळ, सुपाऱ्या, तवशी, चिबूड, कवंडळं बांधून सजवलेली. खाली मातीची मूर्ती. सुंभ तुटला असता तर सगळे नारळ सरळ बाप्पाच्या डोक्यात! आई हात जोडून उभी होती. विनवणी गणपतीला चालली होती की वांदराला, ते काही कळेना.

"बाबलकाकांका बोलवा आदी!" सात बासष्ट कडाडली.

काका आले. खांद्याला शेतीरक्षणाच्या परवान्याची बंदूक. जन्मभराचा अभ्यास सार्थकी लागणार म्हणून आम्ही दोन्ही बाजूंना सरकून वाट दिली. काकांनी उंबऱ्यावरून पाहणी केली आणि सुरू झाले, "अंतर चार हात. पाटी चिऱ्याची भिंत, छर्रो उसाळतलो. नळी लांब, दारात वळाची नाय."

"काकानू, व्याख्यान पुरे!" मी म्हटलं. "भायर जावन हवेत बार काढा, भियान पळतलो!"

"आणि पळताना माटवी ओढल्यान तर?"

हे मात्र बिनतोड होतं. वर वांदराने तवशी संपवून चिबडाला हात घातला. सुंभ करकरला. आईने डोळे गच्च मिटले.

काकांनी बंदूक माझ्या हातात दिली. मी ओरडलो, "अहो, भरलेली आसा काय?"

"बारा वर्सा झाली," काका हळूच म्हणाले, "काडतूसच हाडूक नाय मी."

मग त्यांनी नैवेद्याच्या ताटातलं केळं उचललं, खिडकीखाली वांदराकडे पाठ करून मांडी घातली, केळं सोललं आणि हात खांद्यावरून मागे धरला. "ये रे बाबा. भियाव नको. कोण काय करूचा नाय तुका." वांदर बघत राहिला. मग अलगद खुंटीवरून उतरला, केळं घेतलं आणि काकांच्या खांद्यावर पाय देऊन खिडकीबाहेर! माटवी हिंदकळली. एक सुपारी टपकन बाप्पाच्या मांडीवर पडली, बस्स.

मी हसत सुटलो. "काकानू, ह्या खंयचा कॅलिबर?"

काका हसले नाहीत. भिंतीला टेकून म्हणाले, "मी लढाईत नव्हतंय रे. कोतात होतंय." कोत म्हणजे पलटणीची हत्यारं ठेवायची खोली. "सकाळी बंदुको देय होतंय, सांजेक जमा करून घेय होतंय. घेताना नळी हुंगाची. दारूचो वास नाय इलो, म्हणजे आज कोणाक बार काढूची पाळी नाय इली. त्या दिवशी मी दोन चपात्यो जास्ती खाय."

"आणि वास इलो तर?"

"एकदा इलो. बंदूक दुसऱ्यान हाडून दिल्यान. आंबोलीचो होतो तो. सकाळी माज्या हातातसून घेवन गेल्लो. 'सांजेक जमा करतंय' म्हणालेलो." काकांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. "बंदूक जमा झाली."

मला माझीच लाज वाटली. गडग्यावर न जेवता बसलेल्या त्या माणसाला मी काय बोललो होतो! काकी जाऊन वर्षं झाली, मुलगी बेळगावला सासरी. साऱ्या वाडीला विचारणाऱ्या या म्हाताऱ्याला विचारणारं कुणीच नव्हतं.

त्या दिवशी काका गडग्यावर आले नाहीत. आरती झाल्यावर मीच तिथे गेलो आणि हाक मारली.

"काकानू, जमा?"

त्यांच्या पडवीतून उत्तर आलं, नऊ एमेमपेक्षाही बारीक.

"जमा रे झिला, जमा."